मजकूर सांगणाऱ्याचा

टेबल, दोन खुर्च्या आणि एक कॅसेट रेकॉर्डर. चिलीची राजधानी सान्तियागो इथे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मानसशास्त्रज्ञांच्या एका लहान गटाने एवढ्याच सामग्रीवर एक उपचारपद्धत घडवली. समोर बसलेला माणूस लष्करी राजवटीच्या कैदेतून सुटून आलेला असे. त्याची तयारी असली तरच रेकॉर्डर सुरू व्हायचा. मग तो बोलायचा: घरच्यांबद्दल, कामाबद्दल, राजकारणात कसा आला त्याबद्दल, आणि मग अटकेबद्दल व त्यानंतरच्या दिवसांबद्दल. हे एका बैठकीत होत नसे. ध्वनिफितीवरचं बोलणं कागदावर उतरवलं जायचं. नंतर दोघं तो कागद एकत्र वाचायचे, खोडायचे, सुटलेलं भरायचे. शेवटी तयार होई ती त्या माणसाची स्वतःची लेखी साक्ष.

११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल ऑगुस्तो पिनोशे यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं. त्यानंतर ‘दीना’ या गुप्त पोलीस दलाने माणसं उचलायला सुरुवात केली. सान्तियागोच्या कडेला असलेली व्हिया ग्रिमाल्दी ही जुनी हवेली छळछावणी झाली. डोळ्यांवर पट्टी, विजेचे झटके, शेजारच्या खोलीतून येणारे ओळखीचे आवाज. कित्येक जण परत आलेच नाहीत. जे आले त्यांना झोप लागत नव्हती, रस्त्यावर गाडी थांबली की छातीत धडधडायचं, आणि घरच्यांशी बोलायला शब्द फुटत नव्हता.

हा शब्द का फुटत नव्हता, ते नीट समजून घ्यायला हवं. या लेखातलं मुख्य म्हणणं तिथेच आहे.

छळाच्या खोलीतही एक टेबल असतं. तिथेही कोणी प्रश्न विचारतो आणि कोणी लिहून घेतो. कैद्याला बोलतं करणं हाच तिथला उघड हेतू असतो. नावं सांग, पत्ते सांग, काल कोणाला भेटलास ते सांग. बोललं तर मित्र पकडला जातो, न बोललं तर झटका पुन्हा बसतो. शेवटी कोणीतरी भलताच मजकूर टंकून आणतो आणि कैदी तो न वाचताच सही करतो. म्हणजे या माणसाच्या बाबतीत बोलणं हेच जखमेचं हत्यार झालेलं असतं. अशा माणसाला आठ महिन्यांनी कोणी प्रेमाने म्हणालं, ‘बोल रे, मन मोकळं कर,’ तरी त्याच्या कानात तीच जुनी आज्ञा घुमते.

सान्तियागोच्या मानसशास्त्रज्ञांनी या खोलीतली एकेक गोष्ट उलटी केली. टेबल तेच, लिहून घेणंही तेच. पण बोलायचं की नाही हे आता सांगणारा ठरवणार. कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं, कोणाचं नाव घ्यायचं नाही, हेही त्याच्याच हाती. लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं जाणार, चुकलं तर तो दुरुस्त करणार, आणि तो कागद पुढे कोणापर्यंत जाणार हेही तोच सांगणार. उपचार घडत होता तो या उलट्या व्यवस्थेत. नुसतं सांगून टाकण्यात तो नव्हता.

ही पद्धत कोणा सिद्धान्तातून निघाली नाही. चिलीतल्या चर्चच्या संस्था बंडानंतर लगेच माणसांच्या मदतीला धावल्या होत्या. १९७६च्या आरंभी कार्डिनल राऊल सिल्वा एनरिकेस यांनी ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ ही संस्था उभी केली. त्याआधी, १९७५ साली, ‘फासिक’ या नावाने ओळखली जाणारी ख्रिस्ती चर्चांची समाजसाहाय्य संस्था सुरू झाली होती, आणि तिथे डॉक्टर व मानसशास्त्रज्ञ काम करू लागले. जबान्या गोळा होत होत्या त्या न्यायालयांसाठी, परदेशातल्या मानवाधिकार संघटनांसाठी, जगाला कळावं म्हणून. ते करता करता लक्षात आलं, की ज्यांनी आपली हकिकत सविस्तर सांगून कागदावर पक्की केली त्यांच्यापैकी अनेकांचा त्रास हलका होतो आहे. पुराव्यासाठी सुरू झालेलं काम उपचारही ठरत होतं.

या अनुभवावर दोघींनी लिहिलेला लेख १९८३ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकात आला. लेखिकांची नावं होती सिएनफुएगोस आणि मोनेली. ती खरी नव्हती. त्यामागे होत्या एलिझाबेथ लिरा आणि एउहेनिया वाइनस्टाइन. पिनोशे सत्तेवर होते, आणि स्वतःच्या नावाने तो लेख छापणं म्हणजे स्वतःला आणि आपल्या रुग्णांना संकटात घालणं होतं. उपचार करणारी आणि उपचार घेणारा दोघंही एकाच भीतीच्या छपराखाली बसलेले असताना ‘तटस्थ डॉक्टर’ ही कल्पना टिकत नाही. तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या नात्याला ‘बांधिलकीचं नातं’ असं म्हटलं. तुझ्यावर झालं तो गुन्हा होता, हे उपचार करणाऱ्याने समोरच्याला स्पष्ट शब्दांत सांगायचं. ‘तुला तसं वाटतं का?’ असं विचारून स्वतः बाजूला राहायचं नाही.

मला ही भूमिका पूर्ण पटते. आपल्याकडे समुपदेशनाच्या वर्गांत तटस्थतेवर भर असतो, आणि नवरा-बायकोच्या किरकोळ वादात तो योग्यही असेल. पण ज्याच्या अंगावर मारहाणीचे वण आहेत त्याच्यासमोर तटस्थ राहणं म्हणजे मारणाऱ्याला अर्धं माप देणं होय. बाजू घ्यायची, पण सूत्रं हाती घ्यायची नाहीत, ही कसरत अवघड आहे. करुणेपोटी सूत्रं हाती घेणारे कितीतरी चांगले डॉक्टर असतात.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. सुटून आलेल्याची हकिकत कुठेतरी संपते, तो निदान आज इथे बसलेला असतो. ज्यांचा मुलगा किंवा नवरा बेपत्ता आहे त्या बायकांच्या हकिकतीला शेवटच नव्हता. कागद पुरा कसा करणार? त्यांच्यापैकी अनेकींनी विकारियाच्या कार्यशाळांमध्ये गोणपाटावर कपड्यांचे तुकडे टाचून चित्रं केली: रिकामी खुर्ची, तुरुंगाचं फाटक, हातात फोटो धरलेल्या बायका. ‘आरपिएरा’ नावाने ती चित्रं जगभर गेली. प्रत्येकीला साक्ष देण्याचा एकच मार्ग नसतो, हे त्या शिवणकामाने दाखवून दिलं.

साधारण याच काळात अमेरिकेत बॉस्टनजवळ ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ वेगळ्याच दाराने याच ठिकाणी पोहोचत होत्या. त्यांच्याकडे येणाऱ्या बायका घरातल्याच पुरुषांकडून लैंगिक अत्याचार सोसलेल्या होत्या. १९९२ साली त्यांचं ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ हे पुस्तक आलं. कैदी आणि घरात कोंडलेली मुलगी यांच्या मनावरचे घाव एकाच जातीचे असतात, असं त्यांनी त्यात मांडलं. आघाताचा गाभा म्हणजे आपल्या हातात काहीच न उरणं. म्हणून ज्या उपचारात पुन्हा सगळं दुसऱ्याच्या हाती जातं त्याने बरं होता येत नाही. हर्मन यांनी तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, आणि त्यानंतर माणसांत परतणं. पहिला टप्पा ओलांडल्याशिवाय दुसऱ्यात जायचं नाही. मारणाऱ्याच्याच घरात झोपायला जाणाऱ्या बाईला भूतकाळ उकरायला लावू नये, इतकं ते साधं आहे.

हे साधं शहाणपण मधल्या काळात बाजूला पडलं होतं. १९८०-९०च्या दशकांत पाश्चात्त्य देशांत एक लाट आली. अपघात, आग, गोळीबार, काहीही घडलं की वाचलेल्यांना दोन-तीन दिवसांत बसवायचं आणि झालेला प्रसंग तपशिलात सांगायला लावायचा. हेतू चांगलाच होता. २००२ साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात संशोधकांनी सगळे प्रयोग तपासले, तेव्हा अशा एकाच बैठकीने पुढचा मानसिक आजार टळतो असा पुरावा मिळाला नाही, आणि काहींचं नुकसान झाल्याचीही चिन्हं दिसली. ‘बोललं की मोकळं वाटतं’ हे वाक्य आपल्याकडेही घरोघरी आहे. त्याला एक अट जोडायला हवी: बोलायची वेळ बोलणाऱ्याने निवडलेली असावी.

चिलीतून निर्वासितांबरोबर साक्षीची पद्धत युरोपात गेली. डेन्मार्कमध्ये इंगे गेनेफ्के या डॉक्टर बाईंनी १९८२ साली कोपनहेगनला छळग्रस्तांसाठी पुनर्वसन केंद्र काढलं होतं. त्याच देशात मानसशास्त्रज्ञ इंगेर आगेर यांनी लॅटिन अमेरिका आणि मध्यपूर्वेतून आलेल्या ४० निर्वासित स्त्रियांच्या साक्षी ऐकल्या आणि त्यावर ‘द ब्लू रूम’ हे पुस्तक लिहिलं. साक्षीला दोन चेहरे असतात हे आगेर आणि त्यांचे सहकारी सोरेन बूस येन्सन यांनी १९९० मध्ये ठळकपणे मांडलं. एक चेहरा आतला, शुद्धीकरणाच्या विधीसारखा; दुसरा बाहेरचा, पुराव्याचा.

शिकागोत स्टेव्हन वाइन यांनी बोस्नियातून आलेल्या २० निर्वासितांबरोबर हे काम केलं. सरासरी सहा बैठका झाल्या. सुरुवातीला विसांच्या विसांना आघातोत्तर ताणविकार होता. सहा महिन्यांनी ते प्रमाण ५३ टक्क्यांवर आलं. १९९८ साली हे प्रसिद्ध झालं आणि आशा वाढली. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे मोझांबिकच्या गोरोंगोसा भागात यादवी युद्धाची झळ सोसलेल्या गावकऱ्यांत असा दुसरा गट ठेवून अभ्यास झाला आणि तो २००४ साली छापून आला. साक्ष दिलेल्यांचा त्रास कमी झाला होता. न दिलेल्यांचाही तितकाच कमी झाला होता. हा निकाल मी महत्त्वाचा मानते. गावात एकमेकांना धरून राहणारी माणसं, रीतिरिवाज, शेती यांतून बरं होण्याची वाट आधीच असेल, तर बाहेरून आलेल्या कागदाने फार भर पडेलच असं नाही. आणि जिथे गावच पाठ फिरवून बसलेलं असतं, तिथे काय?

तिथे वाराणसीचं काम पाहावं लागतं.

उत्तर प्रदेशात ‘मानवाधिकार जननिगरानी समिती’ ही संस्था १९९६ पासून पोलीस छळाच्या आणि जातीय अत्याचाराच्या प्रकरणांत लढते. डॉ. लेनिन रघुवंशी आणि श्रुती यांनी ती उभी केली. मुसहर, इतर दलित जाती, मुस्लिम विणकर अशा लोकांत तिचं काम आहे. चोरी झाली की मुसहर वस्तीतला कोणीतरी उचलला जातो. ठाण्यात मार खाऊन तो घरी येतो, आणि वस्तीबाहेर त्याची ओळख ‘चोर’ हीच राहते. अंग बरं होतं. पण लोक त्याच्याकडे पाहतात ती नजर बदलत नाही, आणि त्याला स्वतःलाही वाटू लागतं की आपलंच काही चुकलं असेल.

२००८ साली आगेर आणि कोपनहेगनच्या केंद्रातले सहकारी वाराणसीला आले, आणि दोन्ही संस्थांनी मिळून साक्षीची पद्धत इथल्यासाठी नव्याने बांधली. हजारो छळग्रस्त आणि मूठभर मनोविकारतज्ज्ञ अशी परिस्थिती होती. त्यामुळे हे काम संस्थेच्या कार्यकर्त्यांनाच शिकवलं गेलं. चार भेटींत ते बसवलं. पहिल्या भेटीत एक कार्यकर्ता ऐकतो आणि विचारतो, दुसरा लिहून घेतो. आधी काय होणार हे समजावून सांगितलं जातं, श्वासावर लक्ष देण्याचा साधा सराव शिकवला जातो, आणि मग हकिकत सुरू होते. दुसऱ्या भेटीत लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवतात. ज्याची हकिकत आहे तो सांगतो: हे असं नव्हतं, इथे माझी बायको होती, हा शब्द मी वापरला नव्हता.

ज्याला अक्षरओळख नाही अशा माणसाच्या आयुष्यात लिहिलेला कागद म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याने केलेला वार असतो: सावकाराचा कागद, पोलिसांचा पंचनामा, कोर्टाचं समन्स. इथे पहिल्यांदा एखादा कागद त्याच्या शब्दासाठी थांबतो, त्याच्या सांगण्यावरून बदलतो.

तिसरी भेट मला सगळ्यांत मोलाची वाटते. ती बंद खोलीत होत नाही. साक्ष देणाऱ्याची इच्छा असेल तर वस्तीत सन्मान सोहळा होतो. लोक जमतात, साक्ष जाहीर वाचली जाते, खांद्यावर शाल येते आणि तो कागद त्याच्या हाती दिला जातो. ठाण्यातून मान खाली घालून आलेला माणूस त्याच शेजाऱ्यांसमोर मान वर करून बसतो. पश्चिमेतला मानसोपचार दोन माणसांत, गुप्ततेच्या शपथेवर चालतो. वाराणसीने त्यात गाव आणलं, कारण अपमान गावासमोर झाला होता. चौथी भेट काही आठवड्यांनी, आता कसं चाललंय ते पाहण्यासाठी. सुरुवातीच्या २३ जणांची बरं वाटण्याची मोजणी जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच प्रश्नांच्या यादीने आधी आणि नंतर केली गेली, आणि त्यात सुधारणा दिसली. इथेही तुलनेचा गट नव्हता, हे नोंदवायला हवं. पुढे कंबोडियात ख्मेर रूजच्या राजवटीतून वाचलेल्यांसाठी हाच सोहळा बौद्ध भिक्खूंच्या साक्षीने झाला; श्रीलंका आणि फिलिपिन्समध्ये तिथल्या रीतींप्रमाणे.

भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ साली सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. ज्या देशाच्या कायद्यात छळ हा स्वतंत्र गुन्हा नाही तिथे छळ झाला हे चारचौघांत वाचून दाखवणं, यात उपचार किती आणि राजकारण किती हे वेगळं काढता येणार नाही. काढायचं कारणही नाही.

ठाण्यातल्या अत्याचाराबद्दलचं सांगणं ऐकलं जातं का, या प्रश्नाची महाराष्ट्रात एक जुनी, जड नोंद आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्काराचा आरोप दोन पोलिसांवर आला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडलं: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कायद्याच्या इतिहासात हा विजय आहे, आणि तो खरा आहे. पण त्या मुलीचं सांगणं सर्वोच्च पातळीवर ऐकून नाकारलं गेलं, हेही तिथेच कायमचं नोंदलेलं आहे. सांगून बरं वाटत नाही असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा आधी हे पाहावं की ऐकणाऱ्याने काय केलं.

अत्याचार झालेल्या बाईला आज किती ठिकाणी तेच सांगावं लागतं? ठाण्यात, डॉक्टरांना, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, मग काही वर्षांनी उलटतपासणीत. दर वेळी प्रश्न दुसऱ्याचे, क्रम दुसऱ्याचा, वाक्यंही दुसऱ्याची. गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या बाईचा जबाब मराठीत, ठाण्याच्या ठरावीक साच्यात उतरतो.

याला वेगळं वळण देण्याचे प्रयत्न मुंबईत झाले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या आवारातच महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. २०००च्या सुमारास ‘सेहत’ ही संस्था आणि महानगरपालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उघडलं. तिथला विचार असा, की मार खाल्लेली बाई ठाण्यात जाईलच असं नाही, पण दवाखान्यात येते: ‘जिन्यावरून पडले’ म्हणत. ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेला ते वण ओळखता यायला हवेत आणि बाईला पुढच्या खोलीत बसलेल्या समुपदेशक ताईंपर्यंत न्यायला हवं. त्या ताईंचं पहिलं काम सल्ला देणं नसतं. तू चुकली नाहीस, हे त्या सांगतात. आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का, विचारतात. तक्रार करायची की नाही, घर सोडायचं की नाही, हे बाई ठरवते. ती नवऱ्याकडे परत गेली तरी दार बंद होत नाही. बाहेरच्यांना यात ढिलेपणा दिसतो. पण तिच्या वतीने निर्णय घेणारा आणखी एक माणूस तिच्या आयुष्यात भरती करायचा नसतो. हर्मन यांच्या पुस्तकातला आणि सान्तियागोच्या टेबलावरचा विचार वांद्र्याच्या पालिका दवाखान्यात असा रोजच्या कामाचा झाला.

सांगितलेला कागद कोणाचा, हा प्रश्न चिलीतही पुढे उभा राहिला. तिथे लोकशाही परतल्यावर आलेल्या १९९१च्या सत्यशोधन अहवालात फक्त मारले गेलेले आणि बेपत्ता झालेले मोजले गेले. छळ सोसून जगलेल्यांना आणखी १३ वर्षं थांबावं लागलं. बिशप सेर्खिओ वालेच यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगापुढे ३५ हजारांहून अधिक लोकांनी साक्ष दिली आणि २००४च्या अहवालात २७,२५५ जणांना छळग्रस्त व राजकीय कैदी म्हणून मान्यता मिळाली. त्या आयोगाच्या एक सदस्य होत्या एलिझाबेथ लिरा. टोपणनावाने लिहिणारी बाई आता सरकारच्या वतीने ऐकत होती. पण याच सुमारास झालेल्या कायद्याने त्या सगळ्या साक्षी ५० वर्षांसाठी गुप्त ठेवल्या. साक्ष देणाऱ्यांच्या खासगीपणासाठी असं कारण दिलं गेलं, आणि ज्यांना आपलं नाव बाहेर नको होतं त्यांना ते हवंही होतं. इतरांनी मात्र विचारलं: माझा कागद माझ्यापासून लपवून कोणाचं रक्षण होतं आहे? मागणी लावून धरल्यावर ज्याची त्याला प्रत मिळू लागली.

आपल्याकडे प्रथम माहिती अहवाल तक्रारदाराला वाचून दाखवावा आणि त्याची प्रत विनामूल्य द्यावी, असं कायद्यात फार पूर्वीपासून आहे. वाचून दाखवणं आणि प्रत देणं या दोन गोष्टींच्या मधली गोष्ट मात्र एकट्या बाईच्या हातून क्वचितच होते: ‘साहेब, हे वाक्य मी म्हटलं नव्हतं, बदला,’ असं म्हणणं. शेजारी तिची भाषा जाणणारी, तिच्या बाजूने बसलेली कोणी असेल तर ती ते म्हणू शकते. मुंबईत ‘दिलासा’चं काम महापालिकेच्या आणखी रुग्णालयांत पोहोचलं आहे. अहेरी, धडगाव, जव्हार इथल्या सरकारी दवाखान्यांनाही अशी खोली आणि अशा ताई हव्यात, कायम पगारावर, माडिया, भिली आणि वारली बोलणाऱ्या.